वही माझी, कंट्रोलर तिचा

रविवार, २ नोव्हेंबर

नकाशा आपोआप निघतो! आपोआप!! म्हणजे कंदीलवालीनं एक पाऊल पुढे टाकलं की स्क्रीनच्या कोपऱ्यात भिंत, दार, जिना सगळं आपलं आपण उमटतं. या गेमचे सात भाग काढले या लोकांनी, सात भागांत कधी असला आगाऊपणा केला नव्हता. आणि आता आठव्यात – हा शेवटचा म्हणून जाहीरच केलंय – ही अक्कल सुचली.

मी नवी वही घेऊन गेले होते. चौकटीची, दोनशे पानी. दोन पेन्सिली तासून, खोडरबर बरोबर. ताईनं वहीकडे बघितलं, मग कोपऱ्यातल्या त्या नकाशाकडे बघितलं आणि म्हणाली, "बरं झालं. तुझा हात दुखायचा वाचला."

चौतीस वर्षांत माझा हात कधी दुखला नाही. आता बरा दुखेल!

या रोजनिशीला सगळं माहीत आहे, पण चिडले की मला पहिल्यापासून लिहावंसं वाटतं. मी नऊ वर्षांची, ताई तेरा. घरात टीव्ही एक, कंट्रोलर एक, मुली दोन. ताई मोठी म्हणून कंट्रोलर तिच्या हातात. मी भोकाड पसरलं. तेव्हा आईनं गणिताची अर्धी कोरी वही माझ्या मांडीवर टाकली – "तू वाट लिही. वाटच माहीत नसेल तर ही जाणार कुठे?" तो पहिला भाग. जमिनीखालचं बुडालेलं शहर, हातात कंदील घेतलेली एकटी मुलगी, आणि नकाशा नाही. खेळाचं खरं नाव लांबलचक आहे, आमच्या घरात ते कुणाला धड म्हणताही येत नव्हतं. आमची ती कंदीलवाली.

तेव्हापासून ताई चालते, मी लिहिते. दार कुठे, विहीर कुठे, कुठल्या पायरीवर साप. आणि आईचा नियम एकच – एकटीनं पुढे जायचं नाही. ताईचं लग्न झालं, मोडलं. माझं झालं. आई गेली. नियम कुणी मोडला नाही. गेम ताईच्या घरी, वही माझ्या घरी, आणि नवा भाग आला की दर रविवारी दुपारी तीन ते सहा.

आजही नकाशा मी काढलाच. त्यांच्यापेक्षा माझा चांगला आला. त्यांनी विहिरीचं तोंड उलट्या बाजूला दाखवलंय. कंपनीला कळवणार आहे मी!

खेळाचा वेळ – १ तास ५५ मिनिटं. वहीत लिहिलाच आहे, इथेही लिहिते. शेवटचा भाग आहे.


मंगळवार, ४ नोव्हेंबर

दवाखान्यात आज दोन पोपट, एक ससा आणि एक बोका जो पिंजऱ्यातून बाहेर यायलाच तयार नव्हता. मी समोरच्या टेबलावर बसते. जनावराचं नाव, वय, तक्रार लिहून घेते. "कुत्र्याला साखळी धरा" हे दिवसातून तीस वेळा म्हणते. हे काम मला जमतं. पण आमचे डॉक्टर!

वय तीस. जनावरांच्या बाबतीत देवमाणूस, पण फुटबॉलचा गेम दरवर्षी नवा घेतात. दरवर्षी! मी म्हटलं, तेच मैदान, तोच चेंडू, त्यात नवं काय?

"मॅडम, मालिका ताजी ठेवायची तर दर भागात काहीतरी भर घालावी लागते."

"या वर्षी काय भर घातली?"

"घाम. या वर्षी खेळाडूंना खरा घाम येतो."

हात टेकले.

मी त्यांना चौथा भाग सांगितला. चौथ्यात भर नाही घातली, उलट कंदीलच काढून घेतला तिच्याकडून. नुसता अंधार आणि आवाज. ताई डोळे मिटून खेळायची, आणि मी पाण्याचे थेंब वहीत टिंबांनी मांडायचे – जवळ थेंब, जवळ टिंबं, लांब थेंब, लांब टिंबं. शहर तिसऱ्या भागातलंच होतं, आम्ही पालथं घातलेलं, पण एक वस्तू काढून घेतली आणि पायाखालची वाट अनोळखी झाली. ताजं म्हणतात ते याला. घामाला नाही.

डॉक्टर म्हणाले, "आणि पाचव्यात तलवार दिली, ते?"

पाचव्याचं नाव काढायचं नाही, असं मी त्यांना बजावून ठेवलंय. तरी काढतात.


गुरुवार, ६ नोव्हेंबर

ताईच्या दुकानात केस कापून आले. घरी येऊन आरशात बघते तर उजवी बाजू कानाच्या वर, डावी कानाच्या खाली! वीस वर्षं ही बाई गावाचे केस कापतेय आणि सख्ख्या बहिणीच्या डोक्यावर हे. दिव्याखाली अंधार! फोन केला तर म्हणते, "तू मान हलवलीस."

मी मान हलवली नव्हती.

नवरा म्हणाला, "अशी फॅशन आलीय का?" त्याच्याशी बोलत नाहीये.


रविवार, ९ नोव्हेंबर

आजचा दिवसच फुकट गेला.

पहिली गोष्ट, चहा. ताईनं अर्धा कप दिला. म्हटलं, दूध संपलं का? "नाही, कपच मोठे आहेत." कप तेच आहेत, आईचे, निळ्या काठाचे. कंजूषपणाचं हे नवीन काय काढलंय कळत नाही.

दुसरी गोष्ट, कंट्रोलर. तिसऱ्या मजल्यावर एक दालन आहे, साखळ्यांना टांगलेल्या दगडी शिळांचं. शिळा झुलत राहतात, एकीवरून दुसरीवर उडी मारायची. बटण अर्धंच दाबायचं. पुरतं दाबलं तर ती पलीकडे जाऊन पडते, कमी दाबलं तर अलीकडे. सुंदर केलंय, हे मान्य. पण ताई पडत राहिली. पडली, उठली, पुन्हा पडली. म्हणाली, "बटण ढिलं आहे." जुना कंट्रोलर आणला. "हा जड आहे." मग उशी मांडीवर घेतली. मग खुर्ची बदलली. नाचता येईना, अंगण वाकडं! मी हसत हसत हे बोलूनही गेले. ती हसली नाही.

साडेचारलाच म्हणाली, "बास आज." साडेचारला! सहापर्यंत असतं आपलं.

मी कोपऱ्यातला नकाशा बघायचाच नाही असं ठरवलंय. त्यामुळे शिळा मोजायला मला वेळ लागतो, पण त्याबद्दलही ताई काही म्हणाली नाही. एरवी म्हणते, "छोटे, आटप, मी लटकलेय इथे." आज गप्प.

सेव्हच्या पानावर आता आकडेच आकडे. वेळ, ठिकाण, पडलात किती, तेल किती, काय नि काय. पहिल्या भागात फक्त वेळ यायचा. मी अजून फक्त वेळ लिहिते – एकूण ३ तास १० मिनिटं.


मंगळवार, ११ नोव्हेंबर

कंपनीला पत्र पाठवलं. विहिरीबद्दल एक परिच्छेद, आपोआप नकाशाबद्दल अकरा. नवरा खांद्यावरून वाचत होता. म्हणाला, "ती माणसं शिळ्या कढीला ऊत आणतायत आणि तू चव कळवतेस."

हा माणूस दहा वर्षं फोनवर पत्त्यांचा एकच डाव लावत बसतो. एकच!


शनिवार, १५ नोव्हेंबर

ताईचा निरोप – "उद्या नको. गिऱ्हाईक आहे."

रविवारी? रविवारी दुकान बंद असतं. गेली वीस वर्षं बंद असतं.


रविवार, १६ नोव्हेंबर

तीन वाजता हात रिकामे. काय करू? कपाट आवरलं. मग जुन्या वह्या काढून बसले.

पाचव्याची वही नऊ पानांत संपली आहे. तलवार मिळाल्यावर वाट शोधायची गरजच काय, दिसेल त्याला कापत सुटायचं. ताईनं पूर्ण केला, पण जांभया देत. मी शेवटच्या पानावर फुलं काढली आहेत. त्यांना वाटलं असेल, लोक कंटाळले, काहीतरी चमचमीत द्या. नव्याची नवलाई नऊ दिवस, आमची नऊ पानं.

सहाव्यात शहाणे झाले. तलवार काढून घेतली, आणि शहर? पहिल्या भागातलंच! तेच जिने, त्याच विहिरी, पण वीस वर्षांनंतरचं. पाणी ओसरलेलं, छतं कोसळलेली, सापाच्या पायरीवर आता गवत. ताई पहिल्या दाराशी थांबली आणि म्हणाली, "छोटे, आईची वही आण." मी घरी जाऊन गणिताची वही घेऊन आले. नऊ वर्षांच्या मुलीच्या अक्षरात 'इथे साप आहे ताई जपून'. तो नकाशा सहाव्यात चालला! तंतोतंत चालला. आई जाऊन तेव्हा चार महिने झाले होते. आम्ही दोघी रडलो, आणि मग ताई वाटेत एका खड्ड्यात पडली, तर दोघी हसलो.

मला कुणी विचारलं ना, की एखादी मालिका इतकी वर्षं ताजी कशी राहते, तर मी सांगेन... काय सांगेन? नवं काय आणलं हे सगळे विचारतात. कुणाशेजारी बसून बघितलं हे कुणी विचारत नाही. आणि आज मी इथे एकटी वह्या चाळत बसलेय, कारण बाईसाहेबांना रविवारी गिऱ्हाईक आहे.


मंगळवार, १८ नोव्हेंबर

पेन्सिलीचं टोक दोनदा मोडलं लिहिताना. रागानं.

अर्धी रजा टाकून ताईच्या दुकानात गेले, हे वर-खाली झालेले केस सारखे करायला. ताई टॉवेलांच्या घड्या घालत बसलेली. कात्री तिच्या मदतनीस बाईंच्या हातात. "बसा, मी करते," त्या म्हणाल्या. ताई म्हणाली, "हिच्याकडून घे करून. आणि आधी वरून धुतलेले टॉवेल आण." वर म्हणजे तिचं घर. किल्ली माझ्याकडे असतेच.

वर गेले, तर टीव्ही चालूच. कंदीलवालीचं सेव्हचं पान उघडं.

वेळ – २१ तास ४० मिनिटं.

माझ्या वहीत ३ तास १०!

मी तिथेच टॉवेलांवर बसले. तीनदा वाचलं. साडेअठरा तास. साडेअठरा तास ताई एकटीनं खेळली. आम्ही तिसऱ्या मजल्यावर होतो, साडेअठरा तासांत ही आठव्या-नवव्याला पोहोचली असेल. कदाचित संपवलाही असेल! शेवटचा भाग! "गिऱ्हाईक आहे"!

पुरावा म्हणून फोनवर फोटो काढला. टॉवेल खाली नेऊन दिले. केस कापून घेतले. तोंडातून शब्द काढला नाही. ताई म्हणाली, "आता सारखे झाले बघ." सारखे झाले! हो. केस झाले.


बुधवार, १९ नोव्हेंबर

फोन केला. न करण्याचं ठरवून केला.

"एकटी पुढे गेलीस ना?"

पलीकडे टीव्हीचा आवाज बारीक झाला.

मग म्हणाली, "हो. गेले."

नुसतं 'गेले'? मी म्हटलं, चौतीस वर्षं! आईचा नियम! लग्नात सुद्धा मांडवातून उठून विचारायला आली होतीस की तिसऱ्या भागातली किल्ली कुठे ठेवली, आणि आता चोरून?

"कंटाळा आला मला, छोटे. तुझ्या वहीचा. तू शिळा मोजेपर्यंत मी तिथे लटकत बसायचं. नकाशा आहे ना आता कोपऱ्यात. वही कशाला हवी?"

मी फोन ठेवला. स्वयंपाकघरात उभी राहून रडले. नवरा आला, काही विचारलं नाही, गॅस बारीक केला आणि गेला. एवढं बरं केलं त्यानं.


गुरुवार, २० नोव्हेंबर

दोनशे पानी वही रद्दीत टाकली. मग काढली. मग पुन्हा टाकली.


शुक्रवार, २१ नोव्हेंबर

वही परत काढली. का ते लिहिते.

आज एका म्हाताऱ्या कासवाला घेऊन एक आजोबा आले होते. ते गेल्यावर डॉक्टर म्हणाले, "मॅडम, चार दिवस झाले, तुम्ही कुणाला साखळी धरा म्हणाला नाहीत." मग मी सगळं सांगितलं. फोटो दाखवला. म्हटलं, बघा, ही सख्खी बहीण!

डॉक्टरांनी फोटो मोठा केला. बराच वेळ बघत राहिले. एक्स-रे बघतात तसे.

"मॅडम, या पुढे गेलेल्याच नाहीत."

"काय?"

"ठिकाण वाचलंत का? खाली बारीक अक्षरात आहे. तिसरा मजला, झुलत्या शिळा."

झुलत्या शिळा. आम्ही नऊ तारखेला सोडलं तिथेच!

"आणि हे बघा. पडण्याची संख्या. एक हजार एकशे सेहेचाळीस." डॉक्टरांनी फोन माझ्या हातात दिला. "अहो, इतक्या वेळा कुणी पडत नाही. मी खेळलोय तो भाग, माझी तीस-चाळीस झाली असतील. त्यांच्या हाताला काही झालंय का?"

मी दरवेळी फक्त वेळ लिहीत आले. पहिल्या भागापासून. बाकीच्या आकड्यांकडे कधी बघितलंच नाही, कारण ते आईच्या वहीत नव्हते.

अर्धा कप चहा. सांडू नये म्हणून. माझी उजवी बाजू कानाच्या वर. कात्री दुसरीच्या हातात आणि ताई टॉवेलांच्या घड्या घालतेय. उशी, खुर्ची, जुना कंट्रोलर. आणि मी काय म्हणाले? नाचता येईना, अंगण वाकडं! हसत हसत म्हणाले!

मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. आणि रागही आला, लाजेपेक्षा जास्त. चोर म्हटलं मी तिला, आणि तिनं ते चालवून घेतलं!


रविवार, २३ नोव्हेंबर

बरोबर तीनला गेले. वही पिशवीत, वरून भाजी ठेवून. ताईनं दार उघडलं.

"भांडायला आलीस?"

मी म्हटलं, "अकराशे सेहेचाळीस."

ती आत जाऊन सोफ्यावर बसली आणि उजवा हात डाव्या हाताखाली घेतला. तेव्हा मला दिसलं. आज लपवायचा तिनं फारसा प्रयत्नच केला नाही. अंगठा आपला आपण हलत होता.

"कधीपासून?"

"मार्चपासून. आधी अंगठा, मग मनगट."

"दाखवलंस?"

"दाखवलं. गोळ्या चालू आहेत. थोडा फरक पडेल म्हणतात. पहिल्यासारखं नाही होणार."

"आणि दुकान?"

"ऑगस्टमध्येच कात्री तिला दिली. मी डोकी धुते, गल्ला बघते. तुझे केस शेवटचे. म्हटलं, एकदा तुझ्यावर बघू जमतंय का. तू आरडाओरडा करशील, पण दुसरीकडे जाणार नाहीस."

मी म्हटलं, मी कधीच दुसरीकडे गेले नाही. माझा आवाज चढला. मग तोंडाला येईल ते बोलले. आठ महिने! मी दर आठवड्याला फोन करते, भाजी काय केलीस ते विचारते, आणि तू हे पोटात ठेवून 'कप मोठे आहेत' म्हणतेस! मला का नाही सांगितलंस? चोर म्हणवून घेतलंस, पण सांगितलं नाहीस!

"चोर परवडलं."

"कशापेक्षा?"

ती टीव्हीकडे बघत बोलली. टीव्ही बंद होता. "सांगितलं असतं तर तू काय म्हणाली असतीस? 'दे इकडे, मी धरते.' ते मला ऐकायचं नव्हतं, छोटे. म्हटलं, रोज थोडं खेळले तर जमेल. एवढे दगड पार केले की झालं. मग रविवारी तू आलीस की मी सरळ चालत जाईन आणि तुला कळणारही नाही."

मी अगदी तेच म्हणाले असते. नऊ वर्षांची असल्यापासून ते वाक्य माझ्या तोंडात तयार बसलंय – दे ना, ताई, मी धरते. भोकाड त्यासाठीच पसरलं होतं. आणि आज ते बोलायची सोय राहिली नाही.

गेम लावलाच नाही. सहापर्यंत नुसत्या बसलो. चहा मी केला, दोन्ही कप काठोकाठ भरले, आणि तिचा टेबलावरच ठेवला. तिनं वाकून, ओठ टेकवून पहिला घोट घेतला. मी खिडकीबाहेर बघितलं. मग वाटलं, का बघू मी बाहेर? बघितलं तिच्याकडे. म्हणाली, "काय बघतेस, मांजर दूध पिताना बघितलं नाहीस का कधी? रोज तर बघतेस."

मला भीती वाटते. हे इथे लिहून ठेवते, तिला सांगणार नाही.


बुधवार, २६ नोव्हेंबर

डॉक्टर म्हणाले, सेटिंगमध्ये मदतीची सोय असते. चालू केली की शिळा झुलायच्या थांबतात. मी लगेच ताईला फोन लावला.

"थांबलेल्या शिळा? मग ती जमीन झाली की. जमिनीवरून कुणीही चालतं. कंदीलवाली कशाला हवी?"

"तू पुढे कशी जाणार मग?"

"नाही जाणार. शेवटचा भाग राहू दे अर्धा."

अर्धा! चौतीस वर्षांचा शेवट अर्धा ठेवायला निघाली आहे ही. जिद्द म्हणावं की खोड? आई असती तर दोन धपाटे घातले असते. मी म्हटलं, अगं, हे लोक हट्टी माणसांसाठीच सोय करून ठेवतात. म्हणाली, "तू आपोआप नकाशा बघतेस का?"

नाही बघत.

"मग?"

हिच्याशी बोलण्यात अर्थ नाही!

कंपनीचं उत्तरही आलं आज. 'आपल्या मौल्यवान सूचनेची नोंद घेतली आहे.' कुठल्या सूचनेची? बारा परिच्छेद होते!


शनिवार, २९ नोव्हेंबर

ताईचा निरोप – "उद्या तीनला ये. पेन्सिल तासून आण."

गिऱ्हाईक नाही वाटतं.


रविवार, ३० नोव्हेंबर

काही न बोलता तिनं कंट्रोलर माझ्या मांडीवर ठेवला, आणि माझ्या पिशवीतून वही काढून आपल्या मांडीवर घेतली. मी 'दे इकडे' म्हणाले नव्हते. खरंच नव्हते.

चौतीस वर्षं माझी मान वहीत होती. आज पहिल्यांदा नीट बघितलं, तर चालताना तिच्या हातातला कंदील हलतो! सगळ्या भिंतींवर सावल्या हलतात. मला कुणी सांगितलंच नव्हतं. ताई ओरडत होती, "छोटे, अर्धं दाब, अर्धं! डावीकडची शिळा! आटप, मी थांबलेय इथे." सहाला पाच मिनिटं असताना मी पलीकडे पोहोचले.

वहीत शिळांच्या रेघा वेड्यावाकड्या आहेत, पण सगळ्या मोजून बरोबर. तळाला तिच्या अक्षरात, थरथरतं, तरी वाचता येतं –

'पडली २०७. चिडली ३. रडली ०.'

शून्य खोटं आहे. तिनं बघितलं होतं.